संपादक: खुद्द मी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘सरदबीर: खोदम’ हे एका फारसी ब्लॉगचं नाव होतं. मराठी माणसाला ते अगदीच परकं वाटायचं कारण नाही. ‘सर’ म्हणजे प्रमुख. सरनोबत, सरनाईक या शब्दांतून तो आपल्याकडे शतकानुशतकं नांदतो आहे. ‘दबीर’ म्हणजे लेखनिक, चिटणीस. शिवाजी महाराजांच्या दरबारात परराज्यांशी व्यवहार पाहणारा तो डबीर. राज्याभिषेकाच्या सुमारास त्या पदाला सुमंत हे नाव मिळालं, पण डबीर आडनावाची घरं अजून आहेत. आणि ‘खोद’ म्हणजे आपला ‘खुद्द’. तेव्हा नावाचा अर्थ झाला, ‘संपादक: खुद्द मी’.

ज्याची कविता संपादकाकडून साभार परत आलेली आहे, त्याला या नावातली मौज वेगळी सांगायला नको.

ब्लॉग लिहिण्यात आता काही राम उरला आहे का, असं मला तरुण कवी नेहमी विचारतात. त्यांना मी या ब्लॉगची हकिकत सांगतो. ती आपल्या देशातली नाही, पण या प्रश्नाचा इतका कस दुसऱ्या कुठे लागल्याचं मला माहीत नाही.

ब्लॉगचा कर्ता होसेन देरख्शान. तेहरानचा तरुण, तिथल्या वर्तमानपत्रात संगणक आणि इंटरनेटवर सदर लिहिणारा. १९९७ साली मोहम्मद खातमी इराणचे अध्यक्ष झाले आणि नवी वर्तमानपत्रं भराभर निघाली. ती फार दिवस टिकली नाहीत. एप्रिल २००० मध्ये न्यायालयांनी डझनाहून अधिक पत्रं आणि नियतकालिकं थोड्या दिवसांत बंद पाडली. लिहिणारी माणसं होती, वाचणारी होती, मधला कागद काढून घेतला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस होसेन कॅनडात, टोरांटोला गेला.

अमेरिकेत ऑगस्ट १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ नावाची सोय सुरू झाली होती. पैसे नकोत, तंत्रज्ञान शिकायला नको; लिहा आणि बटण दाबा. सप्टेंबर २००१ मध्ये सलमान जरीरी या तरुणाने फारसीतला पहिला ब्लॉग लिहिला. पाठोपाठ होसेनने आपला सुरू केला आणि नोव्हेंबरमध्ये एक साधं काम केलं. युनिकोड वापरून फारसीत ब्लॉग कसा लिहायचा, याची पायरीपायरीने माहिती त्याने फारसीतच लिहून ठेवली.

या कामाचं मोल कळायला लिपीची अडचण सोसलेली असावी लागते. फारसी अरबी लिपीत लिहितात, पण फारसीला पे, चे, झे आणि गाफ ही चार अक्षरं जास्तीची लागतात. माझ्या घरात वडिलांच्या वेळची उर्दू-फारसी पुस्तकं होती, शाळा मात्र मराठी. त्यामुळे या चार अक्षरांशी माझी लहानपणापासून ओळख. आपल्याला जसा ‘ळ’, तशी ती त्यांना. दुसऱ्याच्या टंकात आपलं अक्षर नसलं की भाषा लंगडते. आपणही त्यातून गेलो आहोत. ‘शिवाजी’सारख्या फॉन्टमध्ये मजकूर टंकून पाठवायचा, आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की त्याला दिसायची रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला आणि हा घोळ मिटला. मराठी माणसं मायबोलीच्या संकेतस्थळावर १९९६ पासून जमत होतीच. ‘मनोगत’, ‘मिसळपाव’ आणि असंख्य एकेकट्यांचे ब्लॉग आले ते युनिकोड रुळल्यावर.

इराणात त्या माहितीपत्रकानंतर बांध फुटला. बायका लिहू लागल्या, अनेकजणी टोपणनावाने. ‘खोर्शीद खानोम’, म्हणजे सूर्यबाई, या नावाचा ब्लॉग सुरुवातीच्या दिवसांतच गाजला. उपाध्यक्षपदी असलेले मोहम्मद अली अब्ताही ब्लॉग लिहू लागले आणि २००६ मध्ये खुद्द अध्यक्ष अहमदीनेजाद यांनीही आपला ब्लॉग काढला. २००८ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या फारसी ब्लॉगांचा नकाशा मांडला. नियमित लिहिले जाणारे ब्लॉग त्यांनी सुमारे ६०,००० धरले. सुधारणावादी आणि धर्मनिष्ठ असे गट त्यात निघणार हे कोणीही सांगितलं असतं. पण नकाशात एक मोठा प्रदेश निव्वळ कवितेचा आणि साहित्याचा निघाला! हाफिजच्या देशात दुसरं काय होणार म्हणा. तरी एवढ्या दाबाखाली लोकांनी मिळालेली जागा कवितेला द्यावी, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

किंमतही मोजावी लागली. सीना मोतल्लेबी या पत्रकाराला एप्रिल २००३ मध्ये त्याच्या ब्लॉगवरच्या लेखनासाठी पकडलं. ओमिदरेजा मीरसयाफी हा ब्लॉगलेखक मार्च २००९ मध्ये एविन तुरुंगात मरण पावला. २०१२ च्या नोव्हेंबरात सत्तार बेहेश्ती कोठडीत गेला. होसेनची मतं पुढे पुढे त्याच्या जुन्या मित्रांनाही पटेनाशी झाली होती, पण तुरुंगाने ते पाहिलं नाही. २००६ मध्ये तो इस्रायलला जाऊन आला होता. २००८ मध्ये तेहरानला परतल्यावर त्याला अटक झाली आणि २०१० मध्ये साडेएकोणीस वर्षांची शिक्षा सुनावली गेली.

नोव्हेंबर २०१४ मध्ये माफी मिळून तो बाहेर आला. सहा वर्षांत ब्लॉगवर रणगाडा फिरला नव्हता, पण वस्ती उठून गेली होती. लोक फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर होते. त्याने आपल्या एका लेखाचा दुवा फेसबुकवर टाकला. पसंती आल्या तीन.

मग जुलै २०१५ मध्ये त्याने इंग्रजीत एक दीर्घ लेख लिहिला. त्याची तक्रार आपली वाचकसंख्या घटली एवढीच नव्हती. ब्लॉगचा जीव दुव्यात होता, असं त्याचं म्हणणं. मी लिहिताना तुमच्या ब्लॉगचा दुवा देतो, माझा वाचक उठून तुमच्या दारी येतो, तिथून तिसऱ्याकडे जातो. नव्या व्यवस्थेत वाचकाने आवाराबाहेर पाऊल टाकू नये अशीच रचना असते. समोरून पाणी वाहत राहतं, वाहत आलेलं पाहायचं; कालचं हाती लागत नाही. हा लेख छापला गेला ‘मीडियम’वर, आणि मीडियम काढणारे इव्हान विल्यम्स हे ‘ब्लॉगर’च्या मूळ कर्त्यांपैकी एक. ज्याने पहिली वस्ती वसवली, त्याच्याच नव्या वाड्याच्या ओसरीवर बसून जुन्या वस्तीचा शोक करावा लागला.

दुवे तोडायला सरकारच लागतं असं नाही. ‘गुगल रीडर’ नावाची एक सोय होती. ब्लॉगवरचं नवं लेखन ती वाचकापुढे आणून ठेवायची आणि मजकूर गुगलमार्फत येत असल्याने इराणात बंदी घातलेले ब्लॉगही तिच्यातून वाचता येत. २०११ मध्ये तिच्यातली एकमेकांना लेख दाखवण्याची सोय काढली, तेव्हा इराणी वाचकांनी गाऱ्हाणं मांडलं. १ जुलै २०१३ ला ती सगळीच बंद झाली. त्याआधी २००९ मध्ये ‘जिओसिटीज’ हे घरगुती पानांचं मोठं गाव याहूने मोडीत काढलं होतं. ३० सप्टेंबर २०२५ ला ‘टाइपपॅड’ हे जुनं ब्लॉगस्थळ मिटलं. ‘ब्लॉगर’ २००३ पासून गुगलकडे आहे आणि चालू आहे, पण तिथेही आपण बिऱ्हाडकरूच. घर रिकामं करायची नोटीस मालक देईल तेव्हा.

तरीही तरुण कवींना मी लिहा म्हणतो, त्याचं कारण माझ्या फोनवर आलं. पाऊस लांबलेल्या दिवसांवरची माझी एक कविता एका परिचिताने मला पाठवली, ‘वाचाच’ म्हणून. ओळी माझ्याच होत्या, दोन कडवी गळलेली होती आणि खाली नाव दुसऱ्याचं. पुढे ती एका संग्रहासाठी घेतली जात होती, त्याच नावाने. मी संग्रहकर्त्यांना माझ्या ब्लॉगवरचं पान दाखवलं. तिथे पूर्ण कविता होती, तारीख होती, आणि खाली एका वाचकाने त्याच आठवड्यात एका शब्दावर घेतलेला आक्षेपही होता. त्यांना तेवढं पुरलं. चोरी कोणी केली हे शोधण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. व्हॉट्सॲपवर नावं गळतात ती बहुधा हातोहात, कोणा एकाच्या हातून नव्हे.

माणसं जमवायला ब्लॉग आता उपयोगाचा नाही, हे त्या मुलांना मी स्पष्ट सांगतो. गर्दी दुसरीकडे आहे आणि ज्याला ती हवी त्याने तिकडे जावं. २०१७ पासून ‘सबस्टॅक’सारख्या सोयींनी लेखन थेट वाचकाच्या ईमेलवर धाडण्याची वाट काढली आहे, तीही पाहावी. पण लिहिलेलं एका ठिकाणी, तारखेनिशी, आपल्या नावाने राहावं आणि पाच वर्षांनी कोणी शोधत आला तर सापडावं, हे काम फेसबुकच्या भिंतीला जमत नाही. जमलं तर वर्षाला थोडे पैसे भरून पत्ता स्वतःच्या नावाचा घ्यावा. मग जागा बदलली तरी सामान नव्या घरी नेता येतं आणि पत्ता तोच राहतो. मजकुराची प्रत दर काही महिन्यांनी उतरवून घ्यावी. मी तर कागदावरही छापून ठेवतो. शिलाईचे तीन गठ्ठे झालेत, लाल फडक्यात बांधलेले. घरात त्याला सगळे दप्तर म्हणतात.