बहिणाबाईंचे बोलणे

माउली, कीर्तनाला नवा बुवा उभा राहिला म्हणजे मंडळींची नजर आधी कुठे जाते, हे आपणांस ठाऊक आहे. फेटा कसा बांधला, कोणत्या फडाचा, कोणाचा शिष्य, कोणत्या गावचा? निरूपणाचा अभंग सुरू होण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो. मी पन्नास वर्षे उभा राहिलो, आता श्रोत्यांत बसतो. दोन्हीकडून हेच पाहिले.

संत बहिणाबाईंचे चरित्र याच अंगाने वाचण्यासारखे आहे. बहुतेक संतांची चरित्रे दुसऱ्यांनी लिहिली. बहिणाबाईंनी आपले आपण सांगितले. लोक आपल्याकडे कसे पाहत होते, हे त्यांच्याच तोंडून कळते. जन्म शके 1550, म्हणजे इसवी सन 1628 चा, वेरूळच्या परिसरातील देवगावचा. बालपणीच शिऊरच्या एका बिजवराशी लग्न झाले. भाऊबंदकी आणि कर्ज यांमुळे घरदार सुटले, आणि फिरत फिरत सारे कुटुंब कोल्हापुरास आले.

तिथे जयरामस्वामींची कीर्तने चालत. त्यात तुकोबांची पदे गायली जात. हे लक्षात घ्या, की तुकोबा देहूत असतानाच त्यांचे बोल कोल्हापूरच्या कीर्तनात पोचले होते, तेही छापखाना नसताना! बहिणाबाई कीर्तनाला जात तेव्हा एक वासरूही मागे येई. गर्दी फार, म्हणून लोकांनी त्याला बाहेर हाकलले. ते हंबरू लागले, ही रडू लागली. स्वामींनी वासराला आत आणवले आणि दोघांच्या मस्तकावर हात ठेवला. झाले एवढेच. पण गावभर बोभाटा झाला, आणि तो घरी पोचताच नवऱ्याने तिला मारले, बांधून घातले. पुढे वासरू गेले. बहिणाबाई बेशुद्ध पडल्या, आणि त्या अवस्थेत तुकोबांचा अनुग्रह झाला.

त्यानंतर त्यांच्या मुखातून अभंग येऊ लागले आणि लोक दर्शनाला येऊ लागले. खरी अडचण इथे सुरू झाली. नवरा वेदपाठी ब्राह्मण. बायकोने शूद्राला गुरू करावे, हा एक संताप. दुसरा संताप त्याहून खोल आणि अगदी माणसासारखा: लोक हिच्या पाया पडतील, मग मला कोण विचारणार? बहिणाबाईंनी हे झाकले नाही. अभंगात काय सांगितले आहे, हा प्रश्न त्या घरात कोणी केल्याचे दिसत नाही. बोलते कोण, एवढेच पाहिले गेले.

नवरा घर सोडून निघण्याच्या बेतात होता. तोच आजारी पडला, पश्चात्ताप पावला, आणि मग सारे देहूला गेले. तिथे मंबाजी. यांनी आपल्याला गुरू करावे ही त्याची अपेक्षा. ती पुरी होईना, तेव्हा त्याने यांची गाय नेऊन तिला मारले. माणसावरचा राग मुक्या जनावरावर निघाला. आजही गावोगाव तो निघतोच.

बहिणाबाईंचे उत्तर कशात आहे? वज्रसूचीचा अर्थ त्यांनी अभंगांत मांडला. ब्राह्मण कशाने, देहाने की जन्माने, ज्ञानाने की कर्माने, असा एकेक प्रश्न घेऊन ते उपनिषद चालते. मंबाजीला त्यांनी शिवी दिली नाही. त्याचाच प्रश्न शास्त्रात नेऊन सोडवला. स्त्रीदेहाला वेदाचा अधिकार नाही, याची खंतही त्यांनी उघड सांगितली, आणि पतिव्रताधर्मावरही अभंग रचले. काही अभ्यासकांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. संसार न सोडता बोलायचे होते त्यांना; दोन्ही सांगावेच लागले.

सप्ताहात आता बायकाही कीर्तनाला उभ्या राहतात, गर्दीही होते. पण कीर्तन सुटल्यावर पारावरची चर्चा ऐका. बुवांच्या कीर्तनानंतर दृष्टांताची चर्चा होते. ताईंच्या कीर्तनानंतर लुगड्याची, आवाजाची, आणि घरी स्वयंपाक कोण करते याची. प्रमाण चुकले की बरोबर होते, हे विचारणारा एखादाच.

बहिणाबाईंनी 1700 साली देह ठेवला. अंत जवळ आला तेव्हा त्यांनी मुलाला, विठोबाला, बोलावून घेतले आणि आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिकत सांगितली. पूर्वी नवरा ज्यांना गप्प करू पाहत होता, त्यांच्यापाशी बसून मुलगा ते ऐकत होता.