‘नैसर्गिक’ वाईन खरोखर प्राचीन आहे का?

१/ सेंद्रिय बाग, द्राक्षाच्या सालीवरचेच यीस्ट, गंधक नाममात्र, गाळणी नाही. अशा ‘कमीत कमी हस्तक्षेपाच्या’ रेड वाईनची ओळख ‘पूर्वज करत तशी वाईन’ म्हणून करून दिली जाते. हा दावा महाराष्ट्रातील पुराव्यावर तपासून पाहू.

२/ अकोल्याहून वाशिमला जाताना मेडशी लागते. पुढचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. त्याच अजिंठ्यात, लेणे क्र. १ च्या छतावर, परदेशी वेशातील एक पुरुष हाती पेला घेऊन बसला आहे.

३/ परदेशी माणूस आणि मद्य ही जोडी चित्रकाराची कल्पना नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे. त्याचे प्रकार ‘कापिशायन’ आणि ‘हारहूरक’. दोन्ही नावे प्रदेशांवरून पडलेली. म्हणजे हे मद्य दुरून येणारे, म्हणूनच मोलाचे.

४/ इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरातील आयातीची यादी आहे. तीत वाईन आहे: प्रामुख्याने इटलीची, शिवाय लाओदिकिया आणि अरबस्तानची. भडोचहून पैठण २० दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून तेर आणखी १० दिवसांवर, असेही तो लेखक सांगतो.

५/ नेवासे येथे १९५४-५६ मध्ये ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथे भूमध्य सागरी प्रदेशातील ‘अँफोरा’ रांजणांची खापरे सापडली. भारतात अँफोरा म्हणून नोंदलेली काही खापरे मेसोपोटेमियाकडच्या, आतून डांबर लावलेल्या रांजणांची आहेत, हे पुढे रोबर्टा टॉम्बर यांनी दाखवून दिले.

६/ डांबर कशासाठी? मातीचे भांडे झिरपू नये म्हणून. भूमध्य सागराकडील रांजणांनाही आतून राळ लावत. रोमन लेखक केटो याने तर कोस बेटाच्या धर्तीची वाईन करण्याची कृतीच दिली आहे. तीत समुद्राचे पाणी घालायचे! जवळच्या गावात, त्याच वर्षी संपणारी वाईन साधी असेलही. पण दूरच्या बाजारात जाणाऱ्या वाईनमागे राळ, मीठ आणि बरीच खटपट होती.

७/ आता नाशिककडे वळू. थंड देशांत वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. चौदाव्या शतकात इब्न बतूताने नोंदवले होते की दौलताबादेस द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात. त्याला जे नवल वाटले, त्यालाच आजचा बागायतदार कात्रीने आवर घालतो. केवडा आणि भुरी या रोगांसाठी सेंद्रिय बागेतही मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण आणि गंधक वापरण्याची मुभा असते.

८/ तात्पर्य: छोट्या बागेची सेंद्रिय वाईन अवश्य नावाजावी, कारण तिच्यामागे कष्ट आहेत. मात्र तिला ‘प्राचीन’ म्हणू नये. हस्तक्षेप कमी ठेवणे ही आजची निवड आहे. चांगली रस्तेवाहतूक, शीतगृहे आणि काचेची बाटली यांनी ती शक्य केली. पूर्वजांना ती मोकळीक नव्हती. त्यांचे कौशल्य हस्तक्षेप टाळण्यात नव्हे, तो नेमका करण्यात होते.