उमेदवार, जामीन आणि साक्षीदार : काम मिळवण्याचा एक इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी नोकरी शोधण्यावर व्याख्यान द्यावं, याचं आपल्याला थोडं नवल वाटलं असेल. पण गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या तरुणांचा, आणि त्यांच्या आईवडिलांचा, प्रश्न एकच असतो. मुलगा प्रोजेक्ट मॅनेजर आहे, हाताशी बारा-पंधरा वर्षांचा अनुभव आहे, प्रोजेक्ट संपला आणि नोकरी गेली. आता सगळे सांगतात, नेटवर्किंग कर. मुलगा विचारतो, "सर, म्हणजे वशिलाच लावायचा ना?" हा प्रश्न साधा नाही. तो नीतीचा आहे आणि त्याला इतिहासही आहे.

आधी प्रोजेक्ट म्हणजे काय ते बघू. नाशिककरांना हे समजावून सांगायला नको. दर बारा वर्षांनी आपल्याकडे सिंहस्थ येतो. तपोवनात साधुग्राम उभं राहतं, रस्ते होतात, पाणी, वीज, दवाखाने, पोलीस चौक्या, सगळं होतं. पर्वण्या संपल्या की मंडप उतरतात. कामाला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि शेवट ठरलेलाच आहे. असं काम पार पाडणाऱ्या माणसाची अडचण अशी की काम जितकं नीट होईल, तितक्या लवकर तो मोकळा होतो. दुसरी अडचण त्याहून मोठी. गवंड्याने बांधलेली भिंत दाखवता येते. सुताराचं दार दाखवता येतं. पण शंभर माणसांकडून वेळेवर काम करून घेतलं, भांडणं मिटवली, पैसा पुरवून वापरला, हे कुठे दाखवणार? ते फक्त बरोबर असलेल्या माणसांनी पाहिलेलं असतं.

आता शब्दांकडे वळू. आपण 'उमेदवार' म्हणतो. आज त्याचा अर्थ निवडणुकीला किंवा नोकरीच्या मुलाखतीला उभा असलेला माणूस. मूळ फारसी 'उमेद' म्हणजे आशा. आशेवर असलेला तो उमेदवार. आणि 'उमेदवारी करणं' याचा आपल्याकडचा जुना अर्थ म्हणजे पगार नसताना किंवा नाममात्र पगारावर जाणत्या माणसाच्या हाताखाली काम शिकत राहणं. दुसरा शब्द 'वशिला'. तो अरबीतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ नुसता साधन, मार्ग असा आहे. त्यात वाईट काही नव्हतं. तो वाईट कधी झाला? आमच्या मते, त्याच्या जोडीचा तिसरा शब्द सुटला तेव्हा. तो शब्द म्हणजे 'जामीन'.

मराठी राज्यकारभारात कमाविसदाराला किंवा पैशाची जबाबदारी असलेल्या माणसाला नेमताना जामीन घेण्याची रीत होती. कागदावर जामिनाचं नाव येई. माणसाने अफरातफर केली, पळून गेला, तर सरकार जामिनाला धरणार. विचार करा, म्हणजे शिफारस करणारा स्वतः अडकत होता. 'आमचा माणूस आहे, सांभाळून घ्या' एवढं म्हणून त्याला सुटता येत नव्हतं. शिफारस करणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं, तिथे उरतो तो आजचा वशिला.

वशिल्याचा हा अन्याय मोडायचा उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाने परीक्षा आणली. १८५५ पासून लंडनमध्ये सनदी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली. इकडेही पदवी आणि गुणांवर सरकारी नोकरीची दारं उघडू लागली. याचं एक उत्तम उदाहरण आपल्याच शहरातून गेलं आहे. म्हैसूर संस्थानातला, लहानपणीच वडील वारलेला, शिकवण्या करून शिकलेला एक मुलगा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आला. परीक्षेत पहिला आला आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाला. त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

पहिली नोकरी परीक्षेने दिली, हे खरं. पण पुढचं बघा. खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, सक्करला पाणीपुरवठ्याचं काम केलं, पुण्याकडच्या कालव्यांवर पाणीवाटपाची नवी पद्धत आणली. तरी मुंबई इलाख्यात चीफ इंजिनिअरची जागा हिंदी माणसाला मिळणार नाही, हे उघड होतं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९०८ साली, त्यांनी नोकरी सोडली. आजच्या भाषेत, करिअरच्या मध्यावर बेकार झाले. त्याच सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबाद उद्ध्वस्त झालं. विश्वेश्वरय्या तेव्हा परदेशात फिरत होते. निजाम सरकारने त्यांना बोलावून घेतलं. लगेच १९०९ मध्ये म्हैसूरने चीफ इंजिनिअरची जागा देऊ केली. तिथेही हुरळून न जाता, उद्योग आणि तांत्रिक शिक्षण वाढवायला संस्थान तयार आहे का, याची त्यांनी आधी चौकशी केली. पुढे १९१२ मध्ये ते दिवाण झाले.

या दोन्ही वेळा त्यांची कोणती परीक्षा झाली? कोणतीच नाही. त्यांचं काम पाहिलेली माणसं आणि ते काम ठाऊक असलेले दरबार, एवढंच भांडवल होतं. परीक्षा माणसाला दारातून आत नेते. पुढच्या खोल्या साक्षीदारांच्या जिवावर उघडतात.

दुसरं उदाहरण सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचं. घरचा व्यापार आणि सावकारी, हाताशी पत होती, पण बांधकामाचा अनुभव नव्हता. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेत कारकून होते. रेल्वेचं कंत्राट कसं निघतं, मोजमाप कसं होतं, बिल कुठे अडकतं, हे त्यांना ठाऊक होतं, पण पैसा नव्हता. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. त्या वाटेवरून पुढे १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी आली आणि बोरघाटातले बोगदे झाले. इथे ओळखीने कोणी कोणावर उपकार केला नाही. एकाकडे जे नव्हतं ते दुसऱ्याकडे होतं, आणि दोघांनी ते उघडपणे मांडलं.

हेच वालचंद १९३९ मध्ये मोटारीच्या कारखान्याच्या खटपटीसाठी अमेरिकेला गेले. परतीच्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांच्या धंद्यात होते. त्या बोलण्यातून विमान कारखान्याची कल्पना निघाली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. ती पुढे सरकारने घेतली, १९६४ मध्ये तिचं हिंदुस्थान एरोनॉटिक्स झालं, आणि मिग विमानांसाठी उभा केलेला आपल्या ओझरचा कारखाना त्याच कंपनीत आला. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, "बघा, विमानात शेजारी कोण बसेल सांगता येत नाही, कार्ड खिशात ठेवा!" आम्ही त्यातून वेगळा अर्थ काढतो. शेजारी तर रोज कोणी ना कोणी बसतो. पण तोपर्यंत वालचंदांच्या मागे रेल्वे होती, बोगदे होते, सिंदिया कंपनीची जहाजं होती. पॉलींना ऐकून घ्यावंसं वाटलं, ते त्या पस्तीस वर्षांमुळे.

इथवर सगळं छान वाटतं. पण इथेच थांबलो तर ती लबाडी होईल. साक्षीदार तेव्हाच मिळतो, जेव्हा कोणी तुम्हाला आत येऊन काम करू देतं. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याला नोकरीवर हजर झाले. पदवी होती, खुद्द महाराजांची शिष्यवृत्ती होती, नेमणूक होती. राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना हुसकून लावलं. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. परीक्षाही हरली आणि राजाची शिफारसही हरली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकी मिळाली, तेव्हा मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये झालेली ओळख उपयोगी पडली. म्हणजे ज्या समाजात ते जन्मले त्याने साक्ष नाकारली, आणि साक्ष आली सातासमुद्रापलीकडून. मग १९३० मध्ये याच नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला. दार बंद ठेवणं म्हणजे काय, हे या शहराला शिकवावं लागत नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. नेटवर्किंग म्हणजे वशिला का? आम्ही एक कसोटी सुचवतो. तुमच्याबद्दल बोलणारा माणूस स्वतः पाहिलेलं सांगू शकतो का, आणि तुमचं चुकलं तर त्याच्या शब्दाची किंमत कमी होणार आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर तो तुमचा साक्षीदार आहे, जामीन आहे. त्याच्याकडे जाण्यात लाज कसली? उत्तर नाही असेल, तर तो वशिला, मग ते सख्खे मामा का असेनात.

यातून दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी निघतात. अनोळखी पाचशे लोकांना अर्ज धाडण्याआधी, ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं अशा वीस माणसांची यादी करा. त्यात फक्त साहेब नकोत. सातपूर-अंबडचा सुटे भाग पुरवणारा, हिशेब तपासणारा, तुमच्या हाताखालची मुलगी जी आता दुसरीकडे आहे, ती सगळी धरा. त्यांना "नोकरी बघा" म्हणू नका. "मी तुमच्यासमोर काय नीट केलं, काय नाही, ते सांगा," असं विचारा. काम कुठे निघतंय हे मग तेच सांगतात. आणि गरज नसतानाही फोन करत जा. फक्त अडचणीत आठवण काढणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि शेवटचं, सभागृहातल्या आमच्या वयाच्या मंडळींसाठी. आपल्यापैकी अनेक जण कारखान्यांतून, कचेऱ्यांतून, कॉलेजांतून निवृत्त झाले आहेत. आपला शब्द अजून चालतो. तो कुठे खर्च होतो? पुतण्यासाठी, भाचीसाठी, सुनेच्या भावासाठी. ठीक आहे. पण ज्या मुलाच्या घरात पहिल्यांदाच कोणी कचेरीची पायरी चढलं आहे, ज्याला सांगायला काका नाहीत, त्याचं काम आपण जवळून पाहिलं असेल, तर त्याच्यासाठी एक फोन करायला हवा. पाहिलं तेवढंच सांगायचं, पण सांगायचं. आपण गप्प बसलो तर त्याच्यासाठी ते दार बंदच राहतं.

आम्ही इथेच थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा. नमस्कार.