प्रकल्प व्यवस्थापन : पारंपरिक आणि ॲजाइल पद्धतींची ओळख

ठरलेले काम ठरावीक मुदतीत, मंजूर खर्चात आणि अपेक्षित दर्जानुसार पूर्ण करण्यासाठी जे नियोजन व नियंत्रण केले जाते, त्यास प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात. पारंपरिक आणि ॲजाइल या त्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. काम सुरू झाल्यावर त्यात बदल करणे किती महाग पडेल, यावर पद्धतीची निवड मुख्यतः अवलंबून असते.

पारंपरिक पद्धत

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखाना हे या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने तो उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी भिलाई हे नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशात होते. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले.

अशा कारखान्यात कामांचा क्रम बदलता येत नाही. दल्ली-राजहरा येथील लोहखनिज, कोक आणि पाणी यांची सोय झाल्याखेरीज झोतभट्टी पेटवता येत नाही. एकदा पेटवलेली भट्टी वर्षानुवर्षे अखंड चालवावी लागते. पाया घातल्यानंतर आराखडा बदलल्यास मोठी हानी होते. म्हणून गरजांची निश्चिती, आराखडा, बांधकाम, चाचणी आणि हस्तांतरण हे टप्पे एकापाठोपाठ एक पार पाडले जातात. संगणक क्षेत्रात या क्रमाला ‘वॉटरफॉल’ म्हणतात.

ॲजाइल पद्धत

सॉफ्टवेअरची स्थिती वेगळी असते. नेमके काय हवे, हे वापरणाऱ्यांना अनेकदा प्रत्यक्ष वापरानंतरच उमगते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी एकत्र येऊन ॲजाइल जाहीरनामा तयार केला. ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे अधिक मोलाचे, हे त्याच्या चार मूल्यांपैकी एक आहे.

समजा, कारखान्याच्या वसाहतीतील घरदुरुस्तीच्या तक्रारी नोंदवण्यासाठी संगणकप्रणाली हवी आहे. ॲजाइल पद्धतीत प्रथम केवळ तक्रार नोंदवण्याची सोय तयार करून रहिवाशांना वापरण्यास दिली जाते. त्यांच्या सूचनांनुसार पुढील कामांचा अग्रक्रम ठरतो. ‘स्क्रम’ या प्रचलित प्रकारात एक महिना किंवा त्याहून कमी कालावधीची अशी आवर्तने असतात. त्यांना ‘स्प्रिंट’ म्हणतात.

दोन गैरसमज

टप्प्याटप्प्याने केलेले प्रत्येक काम ॲजाइल असते, हा पहिला गैरसमज. भिलाईची वार्षिक क्षमता १० लाख टनांवरून २५ लाख आणि नंतर ४० लाख टनांपर्यंत वाढवण्यात आली; विस्तारित व आधुनिक कारखान्याचे लोकार्पण १४ जून २०१८ रोजी झाले. मात्र अशा विस्ताराच्या प्रत्येक टप्प्याचा आराखडा आधीच निश्चित करावा लागतो. वापरातून मिळालेल्या अनुभवानुसार पुढील योजना बदलणे, हे ॲजाइलचे खरे लक्षण होय.

ॲजाइलमध्ये नियोजन नसते, हा दुसरा गैरसमज. प्रत्यक्षात प्रत्येक आवर्तनाच्या प्रारंभी नियोजन आणि शेवटी आढावा आवश्यक असतो.

निवड कशी करावी?

गरजा स्पष्ट असतील आणि चूक सुधारणे महाग किंवा धोक्याचे असेल, तर पारंपरिक पद्धत योग्य ठरते. गरजा अस्पष्ट असतील, कामाचे छोटे भाग वापरात आणता येत असतील आणि वापरणारे वेळोवेळी मत देऊ शकत असतील, तर ॲजाइल उपयुक्त ठरते. मोठ्या प्रकल्पात बांधकामासाठी पहिली आणि संगणकप्रणालीसाठी दुसरी पद्धत एकाच वेळी वापरता येते.