दप्तराची लिपी आणि दप्तराचे घर

संगणकाच्या जगात एक समीकरण वारंवार मांडले जाते. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, ती नागरिकाच्या खासगीपणाची राखणदारही असते, असे ते समीकरण. मुक्त स्रोताविषयी आम्हांस आस्था आहे. तरीही हे समीकरण अर्धेच खरे आहे असे आमचे मत आहे. ‘संहिता सर्वांस खुली असावी’ आणि ‘माणसाचे खासगी ते खासगी राहावे’ या दोन मागण्यांचे उगम निराळे आहेत. एके काळी तर त्या एकमेकींच्या विरोधात उभ्या होत्या. दोहोंच्या मधोमध नेहमी एक इसम दिसतो : यंत्राच्या सर्व किल्ल्या ज्याच्या कमरेला असतात तो सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. युनिक्सच्या परिभाषेत त्याच्या अधिकाराला ‘रूट’ म्हणतात. या किल्लीवाल्याकडे पाहत इतिहास वाचला, तर गुंता बराच सुटतो.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बाटो यांच्या चमूने एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था उभी केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून तिच्यात पासवर्ड आला. पण सर्वांचे पासवर्ड एकाच फायलीत जसेच्या तसे लिहिलेले होते. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावर अधिक वेळ हवा होता. त्याने ती फाइलच छापून घेतली. पुढे त्याच दशकात एकदा संपादन करताना दोन फायलींची अदलाबदल झाली आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी वाचावयास मिळाली.

यावरचा तोडगा युनिक्सने दिला. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांच्या १९७९ च्या निबंधात त्याचे विवेचन आहे. पासवर्ड साठवायचाच नाही. उलट फिरवता न येणारे त्याचे रूपांतर साठवायचे, आणि त्यात १२ बिटांची एक यादृच्छिक भर मिसळायची. या भरीला ‘सॉल्ट’, म्हणजे चक्क मीठ, म्हणतात. ही फाइल त्या काळी यंत्रावरील कोणालाही वाचता येत असे. फाइल उघडी, गुपित मात्र बंद; खुद्द रूटलाही ते तेथून वाचता येऊ नये, अशी योजना. खासगीपणाच्या इतिहासात आम्ही या योजनेला मोठे स्थान देतो, कारण किल्लीवाल्याच्या सद्वर्तनावर विसंबून न राहता त्याचेच हात बांधण्याचा विचार तिच्यात स्पष्ट दिसतो.

मुक्त संहितेच्या चळवळीची गंगोत्री मात्र पासवर्डाच्या विरोधात आहे. रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करीत. तेथील संगणकाला कुलपे नव्हती आणि त्याचा तेथील मंडळींना अभिमान होता. १९७७ मध्ये संस्थेच्याच संगणकशास्त्र प्रयोगशाळेत पासवर्ड लागू झाले. स्टॉलमन यांनी ते उकलण्याची युक्ती शोधली आणि वापरणाऱ्यांना त्यांचाच पासवर्ड लिहून पाठवला. सोबत सल्ला दिला, की हा काढून टाका आणि जागा रिकामी ठेवा. सुमारे एकपंचमांश लोकांनी तो मानला. त्यांच्या लेखी पासवर्ड म्हणजे मूठभर प्रशासकांनी इतरांवर सत्ता गाजवण्याचे साधन होते. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातील ‘एसयू’ या आज्ञेच्या माहितीपुस्तिकेतही ही भूमिका नोंदलेली आहे. रूटचा पासवर्ड ठाऊक असला तरी ठरावीक गटातील व्यक्तींनाच रूट होता येईल, अशी सोय अन्य काही प्रणालींत होती; ती आपण मुद्दामच ठेवलेली नाही, कारण सामान्यांची बाजू घेणाऱ्याने पासवर्ड फोडला तर त्याचा सर्वांस उपयोग व्हावा, असा तेथील युक्तिवाद आहे.

या युक्तिवादातील लोकशाहीवृत्ती आम्हांस मोलाची वाटते. परंतु किल्लीवाल्याच्या सत्तेवरचा स्टॉलमन यांचा उपाय किल्ल्या सर्वांना वाटून टाकण्याचा होता. परस्परांना ओळखणाऱ्या लहानशा प्रयोगशाळेत ही नीती शोभून दिसते. अनोळखी माणसे तारांवरून आत येऊ लागली की तिची परीक्षा होते.

ती परीक्षा १९८६ साली झाली. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ नाइलाजाने संगणकांची व्यवस्था पाहू लागले होते. हिशेबात ७५ सेंटांचा फरक आला म्हणून ते शोध घेऊ लागले आणि जर्मनीतील हॅनोवरहून येणाऱ्या, सोव्हिएत गुप्तहेर खात्याला माहिती विकणाऱ्या घुसखोरापर्यंत पोचले. त्या घुसखोराने रूटचा अधिकार मिळवला होता तो ग्नू ईमॅक्समधील, टपाल हलवणाऱ्या एका छोट्या उपप्रोग्रॅमच्या वाटेने. त्या यंत्रावर त्याला नको तितका अधिकार देऊन ठेवला होता. संहिता खुली होती, तरी दार उघडे राहिलेच. या कथेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. घुसखोराला पकडण्यासाठी स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या सुमारे ५० तारांना छपाईयंत्रे जोडून एका शनिवार-रविवारचे सारे टंकन कागदावर उतरवले. घुसखोराबरोबर निरपराध माणसांचे लिहिणेही त्या कागदांवर आले असणार. स्टोल सज्जन होते, हा त्या माणसांच्या नशिबाचा भाग.

२०१३ मध्ये हीच सत्ता उलट दिशेने चालली. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी नागरिकांवरील व्यापक टेहळणीची कागदपत्रे पत्रकारांना दिली. या पत्रव्यवहारात टेल्स ही लिनक्सवर आधारलेली, संगणकावर मागमूस न ठेवणारी प्रणाली उपयोगी पडली. संस्थेच्या प्रमुखांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपले सुमारे ९० टक्के सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमी करण्याचा मनोदय जाहीर केला. किल्लीवाल्याचे भय सत्तेलाही असते, ते असे. गंमत अशी, की रूटच्याही अधिकाराला वेसण घालणारी ‘एसई-लिनक्स’ ही खुली संहिता याच संस्थेने २००० साली प्रसिद्ध केली होती. पुढे ती लिनक्सच्या मुख्य गाभ्यात सामील झाली आणि आज अँड्रॉइड फोनांतही तिचा वापर होतो. फोनाच्या मुळाशी खुले लिनक्स आहे, त्यावर एसई-लिनक्सचा पहारा आहे. आणि तरी त्याच फोनातून आपली माहिती परक्यांच्या सर्व्हरवर जात असते.

यावरून मुक्त स्रोत निरुपयोगी ठरतो असे कोणी मानू नये. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे जाणवले. त्याने माग काढला, तेव्हा एक्सझेड या संक्षेपण-साधनात कोणीतरी कपटाने पेरलेला चोरदरवाजा सापडला. हा माग काढता आला, कारण संहिता वाचता येत होती. मात्र ती वाचता येणे निराळे आणि कोणीतरी खरोखर वाचणे निराळे, हे आम्हा साहित्याच्या अध्यापकांना वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे गावच्या दप्तराची सत्ता कुळकर्ण्याकडे असे. मोडी लिपी येणे ही त्या सत्तेची एक बाजू. दप्तर त्याच्या घरात असणे ही दुसरी. मुक्त स्रोताने लिपी सर्वांस शिकवली. दप्तर कोणाच्या घरात असावे आणि ते कोणी, केव्हा, कोणास विचारून उघडावे, हे लिपी ठरवू शकत नाही. ते कायद्याने ठरते. भारत सरकारने २०१५ साली शासकीय कामात मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने शासनाच्या निवडक यंत्रणांना त्याच्या बंधनांतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडेच ठेवला. म्हणजे सर्व्हरवर लिनक्स असेल, त्याची ओळ न् ओळ वाचता येईल, आणि त्या सर्व्हरवरची आपली नोंद कोणी पाहिली हे मात्र कळणार नाही, अशी स्थिती संभवते.

म्हणून एखादी व्यवस्था ‘मुक्त स्रोतावर उभी आहे’ असे सांगण्यात आले, की आम्ही एक प्रश्न पुढे ठेवू इच्छितो : रूट कोण, आणि त्याने काय पाहिले याची नोंद नागरिकाला मागता येते काय?