साठून राहिलेला विद्युतभार

1746 साली हॉलंडमधील लायडेन येथे पीटर व्हॅन मुशेनब्रुक घर्षणयंत्राने पाण्याच्या बाटलीत विद्युतभार साठवत होते. एका हातात बाटली धरून तिला जोडलेल्या लोखंडी नळीला दुसरा हात लावताच त्यांना जबर झटका बसला. फ्रान्सचे राज्य मिळाले तरी पुन्हा असा झटका घेणार नाही, असे त्यांनी पॅरिसला कळवले. यंत्र थांबवल्यावरही बाटलीत भार टिकतो, हे पुढे सर्वांना ठाऊक झाले.

हाच टिकून राहणारा भार दोन शतकांनी ध्वनीच्या कामी आला. दोन सच्छिद्र पट्ट्यांमध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा ताणायचा आणि पट्ट्यांना ध्वनीचा विद्युतसंकेत द्यायचा. पडद्यावर भार नसेल तर पट्ट्या त्याला फक्त आकर्षितच करतात, तेही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, आवाज बिघडतो. मोठ्या रोधकातून पडद्याला कायमचा भार दिला, की बल संकेताच्या सम प्रमाणात राहते. या तत्त्वावर ब्रिटनमध्ये पीटर वॉकर यांचा ‘क्वाड’ ध्वनिक्षेपक 1957 साली आला, तर जपानच्या ‘स्टॅक्स’चा हेडफोन 1960 साली. स्टॅक्सच्या ‘प्रो’ प्रकारात पडद्यावर 580 व्होल्ट असतात.

पट्ट्यांनाही शेकडो व्होल्टचा संकेत लागतो. सुरुवातीला साध्या अ‍ॅम्प्लिफायरला रोहित्राची पेटी जोडून काम भागवत. पुढे हौशी मंडळी असे खास अ‍ॅम्प्लिफायर घरीच बांधू आणि दुरुस्त करू लागली. धोका आहे तो इथे. पडद्याच्या वाटेवर मोठा रोधक असल्याने तिथून प्रवाह अगदी थोडा मिळतो. वीजपुरवठ्यातील कपॅसिटरला मात्र असा लगाम नसतो. 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 400 व्होल्टला भरला, तर ½CV² या सूत्राने त्यात 8 ज्यूल ऊर्जा साठते. प्लग काढला तरी ती तिथेच राहते. छातीतून गेली तर जिवावर बेतू शकते.

म्हणून कपॅसिटरला समांतर 1 लाख ओहमचा रोधक कायम जोडतात. RC म्हणजे 10 सेकंद. 50 सेकंदांत 400 व्होल्टचे 3 व्होल्टही उरत नाहीत. पण रोधकच तुटला असेल तर? शिवाय कपॅसिटर रिकामा केल्यावरही त्यावर थोडे व्होल्टेज पुन्हा चढते. लायडेनच्या बाटलीतूनही अशीच दुसरी, लहान ठिणगी मिळते. म्हणून आम्ही प्रयोगशाळेत एक हात पाठीमागे ठेवतो आणि मीटरने मोजल्याशिवाय कशालाही स्पर्श करत नाही.

हे गणित वर्गात जरूर सोडवून घ्यावे. ‘प्लग काढला म्हणजे वीज गेली’ हा समज, एखादा विद्यार्थी घरातला जुना टीव्ही उघडण्याआधीच दूर झालेला बरा.