दहा हजार मैलांची दौड

अर्जेंटिनात शिक्षकाचा पेशा करणाऱ्या एमे चिफेली या स्विस गृहस्थाने ब्वेनोस आयरेसपासून न्यूयॉर्कपर्यंतची सुमारे 10,000 मैलांची मजल घोड्यावरून मारण्याचा संकल्प जाहीर केला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला खुशाल वेड्यात काढले. परंतु त्या संकल्पाच्या मुळाशी साहसाच्या हौसेइतकाच एका उपेक्षित अश्वजातीचा कैवार होता, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी आणलेल्या घोड्यांचे वंशज असे जे काटक क्रिओयो घोडे, ते परदेशी जातींशी झालेल्या संकरामुळे नामशेष होऊ लागले असता, एमिलिओ सोलानेत हे त्यांचे अभिमानी पातागोनियातील तेहुएलचे लोकांकडून जनावरे पारखून आणून शुद्ध बीज राखीत होते. त्यांनीच मांचा व गातो ही जोडी चिफेलीच्या हवाली केली. मांचा अबलख आणि असा मानी, की धन्यावाचून कोणास खोगीर चढवू देत नसे; गातो समंद रंगाचा, स्वभावाने गरीब. दोघांचीही ऐन उमेदीची वर्षे सरलेली!

एप्रिल 1925 मध्ये कूच झाले. अँडीजचे घाट आणि पेरूची वाळवंटे मागे पडली. कोलंबिया व पनामा यांमधील दुर्गम जंगल जहाजाने टाळावे लागले. उत्तर अमेरिकेत मोटारींच्या वर्दळीत दोन घोडे सांभाळणे धोक्याचे झाल्याने गातोला सेंट लुईस येथे ठेवून, 1928 मध्ये चिफेली मांचासह न्यूयॉर्कला पोहोचला. पुढे दोघांनाही त्याने जहाजाने मायदेशी नेले. गातो 1944 पर्यंत आणि मांचा 1947 पर्यंत जगला.